गोव्याला पोस्टिंग आली? सिग्नल हातात पडल्यापासून पहिल्या सेलिंगपर्यंत काय करायचं

आमच्या काळ्या लोखंडी पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नवऱ्याचं नाव आणि नंबर आहे. त्याखाली गावांची नावं एकावर एक रंगवलेली: कोची, अरक्कोणम, विशाखापट्टणम आणि सगळ्यात वर, अजून ठसठशीत, वास्को. जुनं नाव नीट खरवडलं नाही की नव्या रंगाखालून ते डोकावत राहतं. मिरजेजवळच्या गावातून लग्न होऊन निघाले तेव्हा यातलं एकही गाव मी पाहिलं नव्हतं. नेव्हीच्या एअर आर्ममधल्या, म्हणजे विमानांच्या शाखेतल्या, माणसाचा संसार याच चार-पाच ठिकाणी फिरतो, हेही मला पहिल्या दोन बदल्यांनंतर कळलं.

आता आमच्याकडे कुणाचं नवं लग्न झालं की मुलींचे फोन येतात. "ताई, गोव्याचा सिग्नल आलाय, आधी काय करू?" (सिग्नल म्हणजे बदलीचा हुकूम, आणि सेलिंग म्हणजे नवऱ्याचं जहाजावर समुद्रात जाणं.) प्रत्येकीला तासभर जे सांगते, ते इथे ओळीने लिहिते. मी नेव्हीच्या घरातली आहे, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील. पण आर्मीतल्या किंवा कोस्ट गार्डमधल्या बायकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घर तुमच्या नावानं आणि तुमच्या हातानं चालायला हवं, आणि त्याची सगळी सोय नवरा घरी असतानाच लावून घ्यायची. तो निघाल्यावर नाही.

हे मला एका गॅस सिलिंडरनं शिकवलं. वास्कोत येऊन दोन महिने झाले होते, नवरा जहाजावर होता. सिलिंडर दारात आला, पैसे हातात होते, पण पोचवणारा म्हणाला, "वहिनी, कोड सांगा." तो चार आकडी कोड नवऱ्याच्या मोबाईलवर गेला होता, आणि तो मोबाईल समुद्रात, रेंजच्या बाहेर. त्या माणसाचा दोष नव्हता, नियमच तसा आहे. सिलिंडर परत गेला. धाकटीला ताप होता आणि चार दिवस मी शेजारच्या भाभीकडे पेज शिजवून आणली. त्या आठवड्यात वही घेऊन बसले आणि कुठल्या कुठल्या गोष्टी नवऱ्याच्या नंबरवर अडकल्यात ते लिहून काढलं. सतरा निघाल्या.

आधी कागद, मग सामान

सिग्नल आला की सगळ्यांचा हात पहिला पेट्यांकडे जातो. तसं करू नका. पहिला आठवडा कागदांना द्या.

सर्वात आधी तुमचं नाव तपासा. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, पॅनवर जुनंच, आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये कुणीतरी मधलं नाव गाळूनच टाकलेलं. रोजच्या जगण्यात यानं काही अडत नाही. अडतं ते विम्याच्या, पेन्शनच्या आणि वारसाच्या कागदावर, म्हणजे नेमकं अशा दिवशी जेव्हा तुमच्यात धावपळ करायचं बळ नसतं. नेव्हीत लग्न, मुलांचे जन्म यांची नोंद जेनफॉर्मनं होते, आर्मीत पार्ट टू ऑर्डरनं. नवऱ्याला जुन्या युनिटमधून निघण्याआधी त्या नोंदीची प्रत आणायला सांगा आणि तुमचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं अक्षर न् अक्षर आधारशी ताडून पाहा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, कारण जुन्या ऑफिसमधला क्लार्क तुमच्या नवऱ्याला ओळखतो, नवीन ठिकाणी तीच फाईल पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशनही याच आठवड्यात डोळ्याखालून घाला. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर पुष्कळदा आईचंच नाव राहून गेलेलं असतं. सासूबाईंचा मान राखून, मोकळेपणानं बोलून ते ठरवावं. हा विषय टाळणाऱ्या घरांमध्ये पुढे काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

दुसरी फाईल मुलांची. शाळेचा दाखला, गुणपत्रिका, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड. दाखल्यावर शिक्का आणि सही दोन्ही आहेत ना, ते शाळेच्या ऑफिसातच उभं राहून बघा. आमच्या थोरल्याच्या दाखल्यावर शिक्काच नव्हता. एवढ्या लांबून तो कागद पोस्टानं फिरून येईपर्यंत पोरगं महिनाभर घरी बसलं.

गॅसचं कनेक्शन दुसऱ्या शहरात नेताना सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन सोडल्याचा कागद) घ्यायचं आणि अनामत रक्कम ताब्यात घ्यायची. नवं कनेक्शन वास्कोत तुमच्या नावावर, तुमच्या मोबाईल नंबरवर घ्या.

गाडीचंही बघा. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर नव्यानं नोंदणी लागते आणि त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी हवी. नवी गाडी घ्यायची असेल तर २०२१ पासून मिळणाऱ्या बीएच (भारत) मालिकेच्या नंबराचा विचार जरूर करा. सैन्यातल्या लोकांना ती मिळते, आणि दर बदलीला नंबर बदलायची कटकट मिटते.

सामान बांधताना

बदलीच्या वेळी मिळणारा कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट सातव्या वेतन आयोगानुसार मूळ पगाराच्या ८० टक्के आहे. सामानाच्या वाहतुकीचे पैसे वेगळे, हुद्द्याप्रमाणे. हे पैसे हातात कधी पडतील याचा भरवसा धरू नका, ट्रकचा खर्च आधी बाजूला काढून ठेवा. पेट्यांवर नंबर घाला आणि कुठल्या नंबरात काय आहे ते वहीत लिहा. एक पेटी "पहिली रात्र" म्हणून वेगळी ठेवा: दोन पातेली, तवा, चहा-साखर, पोह्यांचं पाकीट, चादरी, बल्ब, पेचकस, मुलांची औषधं आणि देव. ही पेटी ट्रकमध्ये शेवटी चढते आणि पहिली उतरते. मूळ कागद ट्रकमध्ये कधीही नाही, ते तुमच्या पिशवीत, तुमच्या मांडीवर.

गोव्यासाठी खास सांगायचं तर लाकडी आणि प्लायवुडचं सामान शक्य तितकं कमी करून निघा. का ते पावसाळ्याच्या भागात येईल.

कुठे उतरायचं, कुठे राहायचं

तुमच्या नवऱ्याचं युनिट नेमकं कुठे आहे ते आधी विचारून घ्या, कारण गोवा नकाशावर दिसतो तेवढा एका हाकेवर नाही. आयएनएस हंसा, म्हणजे नेव्हीचा हवाई तळ, दाबोळीला, विमानतळाला लागूनच. विमानतळ पोर्तुगीजांनी बांधलेला, गोवामुक्तीनंतर तो नेव्हीकडे आला. आयएनएस गोमंतक वास्कोत. आयएनएस मांडवी आणि नेव्हल वॉर कॉलेज वेऱ्याला, पणजीच्या समोर, मांडवीच्या पलीकडच्या काठाला. आर्मीचं सिग्नल ट्रेनिंग सेंटर पणजी-बांबोळीकडे. वास्कोहून पणजी साधारण ३० किलोमीटर, आणि झुआरीचा नवा पूल २०२२च्या डिसेंबरात सुरू झाल्यापासून ती वाट बरीच सुसह्य झाली आहे.

रेल्वेनं येताना मुंबईकडच्या बहुतेक गाड्या मडगावला सोडतात. आमच्यासारख्या मिरज-पुण्याकडच्यांना गोवा एक्स्प्रेस थेट वास्कोपर्यंत आणते, लोंढ्यावरून, दूधसागरच्या बाजूनं घाट उतरून. विमानाचं तिकीट काढताना मात्र विमानतळाचं नाव दोनदा वाचा. जानेवारी २०२३पासून उत्तरेला मोप्याचा विमानतळही सुरू आहे आणि तिथून वास्को म्हणजे मुलं-सामान घेऊन चांगला मोठा प्रवास होतो.

क्वार्टर लगेच मिळेल असं समजू नका. यादी असते, ज्येष्ठतेनं नंबर लागतो. नवऱ्यानं रुजू झाल्या झाल्या अर्ज द्यायचा. तोवर बाहेर भाड्यानं राहावं लागतं. चिखली, दाबोळी, मांगोर, नवेवाडे या भागांत फौजी कुटुंबं बरीच आहेत. बंदराच्या जवळचं घर बघत असाल तर खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून बघा. मुरगाव बंदरातल्या कोळशाची काळी भुकटी तिथल्या घरांत बसते, आणि दम्याचं मूल असेल तर ते घर सोडून द्या, भाडं कितीही कमी असो. पाण्याची टाकी किती लिटरची आणि किती घरांत वाटलेली, हेही विचारा. भाडेकराराबरोबर पोलिसांकडची भाडेकरू पडताळणी मालकाकडून करून घ्या. गोव्यात ती सक्तीची आहे.

क्वार्टर मिळाली की ताबा घेताना तासभर द्या. एमईएसचा, म्हणजे क्वार्टर्सची देखभाल करणाऱ्या लष्करी इंजिनियरिंग खात्याचा, माणूस यादी वाचत जातो आणि आपण मान डोलावत सही करतो, तिथेच फसतो. प्रत्येक नळ सोडा, प्रत्येक फ्लश ओढा, पंखे लावा, खिडक्यांच्या कड्या घाला-काढा. भिंतीवरची ओल, फुटलेली फरशी, तडकलेली काच यादीवर लिहून घ्या आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. जे लिहिलं नाही ते जाताना तुमच्या नावावर बॅरॅक डॅमेज म्हणून लागतं.

शाळा, दवाखाना, कॅन्टीन

वास्कोत नेव्ही चिल्ड्रन स्कूल आहे आणि केंद्रीय विद्यालयंही आहेत; आयएनएस मांडवीत आणि बांबोळीच्या कॅम्पातही केव्ही आहे. माझं मत स्पष्ट आहे. नवरा बदलीच्या नोकरीत असेपर्यंत मुलांना केव्हीतच ठेवावं. इमारती साध्या असतात, वर्ग भरलेले असतात, पण एका केव्हीतून दुसऱ्या केव्हीत जाताना पुस्तकं बदलत नाहीत आणि बदलीच्या मुलाला प्रवेशासाठी दारोदार फिरावं लागत नाही. पहिलीला घालायचं मूल ३१ मार्चला ६ वर्षांचं पूर्ण हवं, त्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नका.

वास्कोतलं नेव्हीचं हॉस्पिटल म्हणजे आयएनएचएस जीवंती. पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच डिपेंडंट कार्ड घेऊन सगळ्यांची नोंद करून या, आजारी पडायची वाट बघू नका. रात्री कुठल्या दारानं आत जायचं, गेटवर कुठलं कार्ड दाखवायचं, हे दिवसाउजेडी बघून ठेवलं की मध्यरात्री हात कापत नाहीत. सरकारी रुग्णवाहिकेचा नंबर १०८, आणि राज्याचं सगळ्यात मोठं सरकारी हॉस्पिटल म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. मूल गोव्यात जन्मलं तर २१ दिवसांत जन्मनोंद करा. १ ऑक्टोबर २०२३नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळेपासून पासपोर्टपर्यंत मुख्य पुरावा आहे, म्हणून नावातली स्पेलिंग तिथेच पक्की करा.

कॅन्टीनचं स्मार्ट कार्ड तुमच्या नावाचं वेगळं करून घ्या. एवढंच.

पहिला पावसाळा

गोव्याचा पाऊस आमच्या मिरजेकडच्या पावसासारखा येतो-जातो असा नाही. जूनमध्ये येतो आणि सप्टेंबरपर्यंत घरातच राहायला येतो. पहिल्या वर्षी मी आईनं दिलेलं हिरवं पैठणीचं पातळ कपाटात नीट घडी घालून ठेवलं होतं. श्रावणात मंगळागौरीला काढलं तर घडीच्या रेषेवर पांढरी बुरशी पसरलेली. बोटानं पुसली तर जर काळी पडली. तेव्हापासून जे करते ते सांगते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळे रेशमी कपडे कडक उन्हात नाही, सावलीच्या वाऱ्यात दिवसभर टांगायचे. मग सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नुसतं गुंडाळलं तर आतली दमट हवा आतच राहते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायचं. नवऱ्याचा युनिफॉर्म आणि चामड्याचे बूट आठवड्याला एकदा बाहेर काढून पंख्याखाली ठेवायचे. मूळ कागद, मार्कशीट आणि फोटो हवाबंद डब्यात. डाळी भाजून भरायच्या. मसाल्याचा डबा कायम स्टीलचा.

बाजाराचंही गणित बदलतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीवर बंदी असते, त्यामुळे ताजे मासे कमी आणि महाग. गोव्यातल्या बायका मे महिन्यातच "पुरुमेंत" भरून ठेवतात: सुकी मासळी, सोलां (आमसुलं), मिरच्या, मीठ, चिंच, कांदे. शेजारणीबरोबर एकदा त्या बाजाराला जा. मला सोलांतला फरक शेजारच्या बाईंनी शिकवला, चांगलं सोल बोटात धरलं की वाकतं, तुटत नाही. त्या कोकणीत बोलायच्या, मी मराठीत, आणि दोघींचं एकमेकींना सगळं समजायचं.

गावी जायचं असेल तर लक्षात ठेवा, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं आणि गाड्या हळू धावतात. घाटरस्त्यांवर दरडीही कोसळतात. गणपतीचं तिकीट आरक्षण उघडल्याच दिवशी काढा.

तो सेलिंगला जाण्याआधी

हंसावरच्या मिग-२९के लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनची (तुकडीची) माणसं विमानवाहू जहाजाबरोबर जातात, आणि आयएनएस विक्रमादित्यचं घर कारवारला आहे. म्हणजे घर गोव्यात आणि नवरा कारवारहून पुढे समुद्रात. कधी दोन आठवडे, कधी कितीतरी जास्त. सकाळी विमानांच्या आवाजानं खिडकीच्या काचा थरथरतात तोवर सगळं रोजचं असतं. ज्या दिवशी तो आवाज थांबतो आणि वस्तीत एकदम शांतता पसरते, त्या दिवशी बायकांना न सांगता कळतं.

त्याआधी वही काढा आणि दोघं मिळून बसा. कुठल्या गोष्टीचा ओटीपी कुणाच्या फोनवर जातो? बँक, गॅस, वीज बिल, शाळेची फी, आधार, मुलांची खाती. जिथे शक्य आहे तिथे तुमचा नंबर लावा. पगाराच्या खात्याला हात लावता येत नसेल तर दोघांचं एक जोडखातं उघडा, "दोघांपैकी कुणीही" या पद्धतीचं, आणि पगार झाला की ठरलेली रक्कम आपोआप त्यात जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. घर किंवा गाडीचा मोठा व्यवहार तोंडावर असेल तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून घ्या. पेन्शनीपर्यंत जपून ठेवायचे कागद कुठल्या डब्यात आहेत हे दोघांनाही माहीत असू द्या.

स्क्वाड्रनच्या ऑफिसचा नंबर फ्रिजवर चिकटवा. घरात आजारपण किंवा मृत्यूसारखी वेळ आली तर जहाजापर्यंत निरोप युनिटमार्फतच जातो, आणि लवकर जातो. म्हणून संकोच न करता फोन करा. वस्तीतल्या दोन बायकांकडे घराची किल्ली आणि मुलांच्या डॉक्टरचं नाव ठेवा.

आणि हे मी हात जोडून सांगते. जहाज कधी निघालं, कुठे आहे, कधी परतणार, हे कुठेही लिहू नका. स्टेटसला "मिसिंग यू, अजून वीस दिवस" असं टाकण्यात प्रेम आहे, मला कळतं. पण त्या वीस दिवसांचा हिशेब दुसरंही कुणी ठेवत असू शकतं. माहेरच्या ग्रुपवरही नाही. सासूबाईंनी विचारलं तर "कामावर आहेत, बरे आहेत" एवढंच.

मुलांना मात्र खोटं सांगू नका. आमच्या धाकटीला मी "बाबा उद्या येतील" म्हणत राहिले, आणि ती रोज संध्याकाळी दाराशी चप्पल घालून बसायची. चौथ्या दिवशी मला ते बघवेना. तेव्हापासून आमच्याकडे बरणी आहे. बाबा निघाले की रोज रात्री एक चिंचोका बरणीत टाकायचा. किती दिवस उरले ते तिला ठाऊक नसतं, पण किती दिवस आपण निभावले ते ती मोजते.

तुमचं स्वतःचं काम आणि तुमची माणसं

गोवा सरकारच्या नोकरीसाठी १५ वर्षांचा रहिवास आणि कोकणीचं ज्ञान लागतं, त्यामुळे तिकडे अर्ज करत बसून वर्ष घालवू नका. बी.एड. असेल तर केंद्रीय विद्यालयांत दर वर्षी कंत्राटी शिक्षकांच्या मुलाखती होतात, त्यावर नजर ठेवा. शिकवण्या, शिवण, घरबसल्या हिशेबाचं काम, बँक आणि केंद्र सरकारच्या परीक्षा, हे बदलीबरोबर हलवता येतं. मी इथे दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. पुढच्या गावी पाटी तेवढी बदलेल. मतदानाचं विसरू नका. सर्व्हिस व्होटर म्हणून नवऱ्याबरोबर राहणाऱ्या पत्नीचंही नाव लागतं, फॉर्म २ युनिटमधून भरला जातो.

फौजी कुटुंबांसाठीच्या वेल्फेअरच्या कार्यक्रमांना जायचं की नाही, असं मुली विचारतात. जा. कंटाळवाणे असतात काही, पण रात्री दोनला दार उघडणारी बाई तिथेच भेटते. फक्त तेवढ्यावर थांबू नका. मराठी माणसाला गोव्यासारखं सोपं पोस्टिंग नाही. १९८७च्या राजभाषा कायद्यानं कोकणीबरोबर मराठीलाही सरकारी कामात जागा दिली आहे. सकाळी दारात मराठी पेपर पडतो. फोंड्याला, पणजीला मराठी नाटकं लागतात. नागपंचमी झाली की वास्कोत दामोदराचा सप्ताह बसतो, रात्रंदिवस अखंड भजन, आणि गल्लीगल्लीतून माणूस तिकडे वाहत असतो. पहिल्या वर्षी मी दोन पोरांना घेऊन एकटीच गेले. गर्दीत एका म्हाताऱ्या बाईंनी धाकटीला उचलून कडेवर घेतलं, दर्शन करवलं आणि विचारलं, "बाय, तू खंयची?" मी म्हटलं, मिरजेची. त्या म्हणाल्या, "मग भजन येता न्हू?" आणि सरकून बसायला जागा दिली.

पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो. पोई आणि उंडे, म्हणजे गोव्याचे पाव, घ्यायला खाली उतरत जा, ऑनलाइन पाव मागवू नका. त्या पाच मिनिटांत पूर्ण जिना तुम्हाला नावानं ओळखू लागतो, आणि तीन वर्षांनी ट्रक दाराशी लागेल तेव्हा पेट्या उचलायला तीच माणसं खाली उभी असतात.